हातावर आजार गोंदवण्यापूर्वी

वैद्यकीय माहिती हातावर गोंदवून घ्यायची असेल, तर टॅटूवाल्याची वेळ ठरवण्यापूर्वी दोन महिने तरी हाती असावेत, कारण सुईचे काम तासाभराचे असले तरी काय गोंदवायचे, कोठे गोंदवायचे आणि ते कोण वाचणार आहे, हे ठरवायला तेवढा अवधी सहज जातो. मला टाइप वन मधुमेह आहे, त्याला २२ वर्षे झाली. ठाण्याहून वाशीला ट्रान्स-हार्बरने रोजचे जाणे-येणे. माझी मनगटातली, आजाराचे नाव कोरलेली चांदीची वैद्यकीय पट्टी एका सकाळी फलाटावरच्या रेटारेटीत तुटून पडली आणि नेमकी त्याच दिवशी रबाळ्याच्या आसपास साखर उतरली. डब्यातल्या बायकांनी सगळे मायेनेच केले: जागा करून दिली, ओढणीने वारा घातला आणि ‘चतुर्थी आहे, उपास असेल, पडू द्या जरा’ असे म्हणून मला निजू दिले. तुर्भ्याला एका कॉलेजच्या मुलीला माझ्या पर्समध्ये इन्सुलिनचे पेन दिसले, म्हणून पुढचे निभावले. गोंदवण्याचा विचार त्या दिवसापासून सुरू झाला.

पहिले काम कागदावरचे आहे. आपली सगळी वैद्यकीय माहिती एका पानावर लिहून काढावी आणि प्रत्येक ओळीला दोन प्रश्न विचारावेत: हे जन्मभर असेच राहणार आहे का, आणि बेशुद्ध अवस्थेत आपल्यापाशी पोहोचलेल्या माणसाचे पहिल्या दहा मिनिटांतले वागणे यामुळे बदलेल का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तेवढेच गोंदणासाठी ठेवावे. टाइप वन मधुमेह, हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार), ॲडिसनचा आजार (ज्यात आणीबाणीत स्टिरॉइडचे इंजेक्शन मिळाले नाही तर जीव जाऊ शकतो), एखाद्या औषधाची जिवावर बेतणारी ॲलर्जी, काढून टाकलेली प्लीहा, या गोष्टी त्यात बसतात. थायरॉइड किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळ्या बसत नाहीत. गोळ्यांचे डोस, डॉक्टरांचे नाव आणि मोबाइल क्रमांक तर मुळीच नाहीत. स्टेंट बसवल्यावर दिलेल्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांतली एखादी काही महिन्यांनी बंद होते, पण त्वचेवरची ओळ बंद होत नाही आणि जुनी ओळ वाचून केलेला निर्णय हा ओळ नसताना केलेल्या निर्णयापेक्षा घातक ठरू शकतो.

ॲलर्जीच्या बाबतीत एक पायरी जास्त चढावी. ‘पेनिसिलीन चालत नाही’ हे वाक्य अनेकांच्या केस पेपरवर बालपणीच्या एखाद्या पुरळापासून चालत आलेले असते आणि रीतसर तपासणी केल्यावर त्यांतल्या बहुतेकांना ॲलर्जी नसल्याचे आढळते. तेव्हा ते गोंदवण्यापूर्वी तज्ज्ञाकडून शहानिशा करून घ्यावी. नाहीतर एका उपयुक्त औषधाची दारे आपण स्वतःच्या हाताने कायमची लावून घेऊ.

त्यानंतर नेहमीच्या डॉक्टरांकडे हा कागद घेऊन जावे आणि शरीर सुई सोसण्याच्या स्थितीत आहे का, हे स्पष्ट विचारावे. मधुमेहींनी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी ताजी करून घ्यावी, कारण साखर चढलेली असताना जखम भरायला वेळ लागतो आणि जंतूंना आयते घर मिळते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, हृदयाची झडप बदललेल्यांनी, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असलेल्यांनी आणि जखमेचा व्रण फुगून येण्याची प्रवृत्ती असलेल्यांनी डॉक्टरांच्या होकाराशिवाय पुढे जाऊ नये. हिपॅटायटिस बीची लस झालेली नसेल तर ती आधी पूर्ण करावी. तिच्या नेहमीच्या तीन डोसांना सहा महिने लागतात, तेव्हा वर मांडलेले दोन महिन्यांचे गणित इथे कोसळते, याची मला कल्पना आहे. डायलिसिससाठी हातात फिस्टुला (शीर आणि धमनी शस्त्रक्रियेने जोडून केलेली वाट) असलेल्यांची आणि स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढलेल्यांची अडचण निराळी आहे: ‘या हाताला सुई टोचू नका’ हे सांगण्यासाठी त्याच हाताला शेकडो वेळा सुई टोचून घेणे शहाणपणाचे नाही, म्हणून त्यांनी मनगटातल्या पट्टीवरच भागवावे.

आता शब्द. कॅज्युअल्टीतला डॉक्टर केरळचा असू शकतो आणि परिचारिका विदर्भातली, म्हणून आजाराचे नाव रोमन लिपीतल्या मोठ्या, सुट्या अक्षरांत पूर्ण लिहावे. आद्याक्षरे वापरू नयेत, कारण ती नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावाची समजली जातात. त्याखाली सहप्रवाशांसाठी देवनागरीत एक शब्द पुरतो. मी आधी ‘साखर द्या’ असे लिहिणार होते. डॉक्टरांनी ते खोडले, आणि बरोबर खोडले: गिळता येत असेल तरच साखर तोंडात घालायची असते, पूर्ण बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घातले तर ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, आणि एवढी अट हातावर मावत नाही. त्वचेवर आज्ञा लिहू नये, केवळ आजार लिहावा. रुग्णवाहिकेवर दिसणारा सहा भुजांचा निळा तारा, ज्याच्या मधोमध दंडाला वेढलेला साप असतो, तो शेजारी काढून घेतला तर ही नक्षी नसून वैद्यकीय खूण आहे, हे जाणत्याच्या लगेच ध्यानात येते.

ठरलेला मजकूर सुईपूर्वी आठ दिवस पेनाने हातावर लिहून वागवावा. हा टप्पा कोणीही वगळू नये, असे मी आग्रहाने सांगेन. पहिल्या दिवशी हौसेने मी वळणदार, जोडलेली अक्षरे काढली होती; नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या वॉचमनने दूध देताना ती नीट निरखली आणि विचारले, ‘मॅडम, ही डायना कोण?’ दुसऱ्या दिवशी सरळ छापील अक्षरे आली. तिसऱ्या दिवशी कळले की बांगड्या आणि घड्याळ मिळून मनगटावरची ओळ अर्धी झाकतात, म्हणून मजकूर चार बोटे वर सरकला. पाचव्या दिवशी मी पलंगावर उताणी पडले, हात बाजूला टाकला आणि मुलीला दारातून आत येऊन वाचायला सांगितले, तेव्हा तिला मान वाकडी करावी लागली, कारण मी अक्षरे मला वाचता येतील अशी लिहिली होती. ज्याने वाचायचे तो समोर उभा असणार, हे इतके साधे असूनही माझ्या लक्षात आले नव्हते. अक्षरे निदान अंगठ्याच्या नखाएवढी उंच असावीत. वर्षे सरतात तशी शाई त्वचेत थोडी पसरते आणि बारीक अक्षरांची पोटे भरून जातात.

जागा म्हणून हाताची आतली बाजू, मनगट आणि कोपर यांच्या मध्ये, मला सर्वांत सोयीची वाटते. नाडी पाहायला आणि रक्तदाबाचा पट्टा बांधायला आलेला माणूस तिथे आपोआप पोहोचतो. कोपराची खोबण टाळावी, तिथे सलाइनची पट्टी चिकटते. छातीही टाळावी, तिथे ईसीजीचे चिकट तुकडे लागतात.

रक्तगट गोंदवावा का, हा प्रश्न हमखास येतो. शीतयुद्धाच्या भरात १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या लेक काउंटीत शाळकरी मुलांच्या अंगावर डाव्या कुशीला रक्तगट गोंदवले गेले होते. अणुहल्ल्यात हात तुटला तरी धड उरेल, हा त्यामागचा हिशेब होता. आजचे कोणतेही रुग्णालय मात्र हातावरची अक्षरे वाचून रक्त चढवत नाही, ते रक्तगट स्वतः तपासते आणि क्रॉस-मॅच करते, म्हणजे दात्याचे रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळते का ते पाहते, म्हणून साध्या रक्तगटासाठी जागा अडवू नये. अपवाद आपल्याच भागातला आहे. बॉम्बे रक्तगट १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत शोधला. तो नेहमीच्या तपासणीत ‘ओ’सारखा दिसतो, परंतु अशा व्यक्तीला ‘ओ’ रक्तही चालत नाही, तिला त्याच गटाचे रक्त लागते. हा गट निश्चित झालेल्याने तो जरूर गोंदवावा, कारण असा दाता शोधण्यात जाणारा वेळ त्या एका ओळीने वाचू शकतो.

‘मला पुन्हा जिवंत करण्याचा प्रयत्न करू नका’ हे वाक्य मात्र गोंदवू नये. वैद्यकीय नियतकालिकांत याची दोन अमेरिकी उदाहरणे नोंदलेली आहेत आणि ती एकमेकांच्या विरुद्ध टोकांची आहेत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या नोंदीत ५९ वर्षांच्या एका रुग्णाच्या छातीवर त्या अर्थाच्या इंग्रजी वाक्याची आद्याक्षरे (डी.एन.आर.) होती, पण विचारल्यावर त्याने सांगितले की पत्त्यांच्या डावात पैज हरल्यामुळे ती गोंदवावी लागली, आणि उपचार तर हवेतच. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मायामीच्या नोंदीत ७० वर्षांचा रुग्ण बेशुद्ध होता, छातीवर वाक्य होते, त्याखाली सही होती. डॉक्टरांनी आधी उपचार सुरू ठेवले, नंतर नीतितज्ज्ञांचा सल्ला घेतला, आणि शेवटी तशाच अर्थाचा अधिकृत कागद सापडला तेव्हा कुठे शंका मिटली. आपल्याकडे यासाठी रीतसर मार्ग आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी वैद्यकीय इच्छापत्राला (शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदाला) मान्यता दिली आणि २०२३च्या जानेवारीत प्रक्रिया सोपी करून दोन साक्षीदारांबरोबर नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे ते करण्याची मुभा दिली. ज्यांची तशी इच्छा असेल त्यांनी तो कागद करावा. गोंदणाला त्याची जागा घेता येत नाही.

दुकान निवडताना नक्षीचा अल्बम नंतर पाहावा, आधी सुई पाहावी. बंद पाकिटातली एकदाच वापरायची सुई आपल्यासमोर उघडली जाते का, शाई मोठ्या बाटलीतून लहान टोपणात वेगळी काढून घेतात का, हातमोजे घालून फोन उचलला तर ते बदलतात का, एवढे तीन प्रश्न मला पुरले. गोखले रोडपासून तलावपाळीपर्यंत हिंडून झाल्यावर एका ठिकाणी तिन्हींची उत्तरे पटली. आजीच्या कपाळावर आणि हातावर जत्रेत गोंदवलेले तुळशीवृंदावन मला लहानपणी फार आवडे, पण एकाच सुईने रांगेतल्या सगळ्यांना गोंदण्याची ती रीत रक्तावाटे पसरणाऱ्या आजारांना मोकळी वाट करून देत असे. स्टेन्सिल, म्हणजे सुईपूर्वीचा मजकुराचा ठसा, हातावर उमटल्यावर प्रत्येक अक्षर मोठ्याने वाचावे, कागदाशी ताडून पाहावे, आणि मगच सुई सुरू करू द्यावी.

ऋतूही पाहावा. जून ते सप्टेंबर हे काम करू नये. ताजे गोंदण ही उघडी जखम असते, तुंबलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच जखमेवाटे शरीरात शिरतात, आणि पावसाळ्यात ठाणे स्थानकाबाहेर घोटाभर पाण्यातून कधी वाट काढावी लागेल याचा नेम नसतो. मी डिसेंबर निवडला. दोन-तीन आठवडे लोकलच्या गर्दीत हात घासला जाऊ नये म्हणून सुती पूर्ण बाह्यांचे कुडते वापरले आणि तेवढे दिवस खिशात कार्ड ठेवले.

कार्ड त्यानंतरही ठेवायचेच आहे. सवयीने लोक मनगट, गळा आणि पाकीट पाहतात, गोंदण शोधत नाहीत. शिवाय १९५६ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या ‘मेडिक अलर्ट’च्या पट्टीमागे जशी फोन करून माहिती मिळवण्याची सोय असते, तशी गोंदणामागे कोणी बसलेले नसते. म्हणून बदलणारी सगळी माहिती तारखेसह कार्डावर लिहावी, मोबाइल न उघडता दिसणाऱ्या आपत्कालीन माहितीतही ती भरावी आणि डोस बदलला की दोन्हीकडे त्याच दिवशी दुरुस्ती करावी. गोंदणाचे छायाचित्र फाइलमध्ये लावून पुढच्या भेटीत डॉक्टरांना केस पेपरवर तशी नोंद करायला सांगावी. एमआरआय काढायची वेळ आली तर तंत्रज्ञाला गोंदणाची कल्पना द्यावी, कारण काही शाईंमध्ये लोहाचे अंश असतात आणि क्वचित त्या जागी चटका बसतो. घरात नियमित रक्तदान करणारे कोणी आपल्याबरोबर हौसेने गोंदवून घेणार असेल, तर त्याला आधीच सांगावे की त्यानंतर १२ महिने त्याला रक्त देता येणार नाही. माझ्या भावाने हे ऐकून आपला बेत ऑफिसमधले जानेवारीचे शिबिर होईपर्यंत पुढे ढकलला.