पुढचं डावं चाक जाम होत होतं: दोष ब्रेकच्या होज पाइपचा (चाकाकडे ब्रेक ऑइल नेणाऱ्या रबरी नळीचा) निघाला

इंदूरहून महूला निघालं की राऊ येईपर्यंत गाडी डावीकडे ओढायची, पुढच्या डाव्या चाकातून जळका वास यायचा, रिम हात लावू देत नसे. अर्धा तास थांबलं की सगळं ठीक! ब्रेक पॅड बदलले, कॅलिपरचं (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचं) किट टाकलं, त्याच्या पिनांना ग्रीस लावलं. आठवड्यात पुन्हा तेच. बायको-मुलांना गाडीत बसवायची भीती वाटू लागली होती.

शेवटी चाक जाम असतानाच तपासलं. गाडी सपाटीवर, मागच्या चाकांना अडण, जॅक, खाली स्टँड. चाक हाताने फिरेना. आधी होजचा वरचा, लोखंडी नळीकडचा जोड किंचित सैल केला, चाक तसंच घट्ट. तो आवळून मग कॅलिपरचा ब्लीडर निपल (हवा-ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू) उघडला: ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं. म्हणजे दाब होजमध्येच अडकत होता. (क्रम उलटा केलात तर दाब निघून जातो, काही कळत नाही. वरचा जोड सैल करताच चाक सुटलं, तर दोष मास्टर सिलिंडरकडे, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या भागाकडे.)

जुना होज कापला. बाहेरून नवाकोरा, आत रबर सुजून भोक सुईएवढं. पुढचे दोन्ही होज बदलले, ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्याच ग्रेडचं ऑइल भरलं, बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली. आता महूला पोचल्यावरही दोन्ही रिम सारखेच कोमट असतात.