हलत्या चिकणमातीवर दगडी बांधकाम: बांधणी आणि दुरुस्ती

चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, सुकली की आक्रसते. घराखालची सगळी माती एकाच वेळी आणि सारखीच फुगली असती, तर अख्खं घर बोटभर वर गेलं असतं आणि कुणाला कळलंही नसतं. भिंत तडकते ती एका टोकाखाली ओल आणि दुसऱ्या टोकाखाली कोरड राहते म्हणून. दगडी भिंत दाब उत्तम सोसते, पण ओढ आणि वाक तिला सोसत नाही. म्हणून अशा जमिनीवर आधी पाण्याचा बंदोबस्त, मग पाया आणि शेवटी दगड. बहुतेक कामं नेमकी उलट्या क्रमाने होतात.

माती कितपत फुगते

जमीन पुरती वाळलेली असताना भेगेत पातळ सळई सोडा आणि ती किती आत जाते ते मोजा. सळई जिथे अडते तिथे भेग संपतेच असं नाही, म्हणून मोजलेल्या खोलीत किमान ३० सेंमी मिळवा आणि ती भेगांच्या थराची खोली धरा. दुसरी खूण वळीची: ओलसर मातीची ३ मिमी जाड वळी न तुटता वळता आली, तर मातीत चिकणांश भरपूर आहे.

आकडा हवा असेल तर फुगवट्याची चाचणी सोपी आहे. भट्टीत वाळवून बारीक चाळलेल्या मातीचे १०-१० ग्रॅमचे दोन भाग १०० मिलीच्या दोन मोजपात्रांत घाला. एकात पाणी भरा, दुसऱ्यात रॉकेल. ढवळून बुडबुडे जाऊ द्या आणि २४ तास हलवू नका. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. रॉकेलमधली माती १० मिलीवर आणि पाण्यातली १६ मिलीवर बसली, तर फुगवटा ६० टक्के. ५० टक्क्यांच्या आत असेल तर साधी काळजी पुरते. १०० च्या वर गेला तर घराच्या पायासाठी अभियंत्याकडून आराखडा करून घ्या, अंदाजाने खणू नका.

पाणी भिंतीपासून दूर

भिंतीला लागून चहूबाजूंनी किमान १.२ मीटर रुंद फरसबंदीची पट्टी करा. उतार बाहेरच्या बाजूला, दर मीटरला ४ ते ५ सेंमी. ही पट्टी भिंतीला सिमेंटने जोडू नका. १५ ते २० मिमी फट सोडून ती डांबरी किंवा लवचीक सीलंटने भरा. जोडली तर पट्टी उचलताना जोत्याचा दगडही उचकटते, आणि तो सांधाच मग पाणी आत न्यायची वाट होतो.

पागोळ्या थेट जमिनीवर पडू देऊ नका. पन्हळीचं पाणी नळाने पट्टीच्या पलीकडे, निदान ३ मीटर लांब सोडा. जमिनीखालचे नळ भिंतीतून जातात तिथे भोक नळापेक्षा ५ सेंमी मोठं ठेवा आणि दोन्ही बाजूंना लवचीक जोड द्या. नळ भिंतीत घट्ट चिणला, की जमीन हलताच तो कातरतो, गळू लागतो आणि पायाखाली वर्षभर छुपी ओल पुरवतो. एकाच कोपऱ्यात तडा दिसला तर पहिला संशय गळक्या नळावर घ्यावा.

फुलझाडांचे वाफे भिंतीपासून १.५ मीटर दूर. मोठं झाड वाढल्यावर जितकं उंच होणार असेल, निदान तितकं अंतर ठेवा.

पाया

कुंपणभिंत असो वा जोतं, चर भेगांच्या थराखाली जायला हवा. खोल चिकणमातीत १.५ मीटरच्या आत भागत नाही. तळाचे शेवटचे १५ सेंमी काँक्रीट ओतायच्या दिवशीच खणा. चर आठवडाभर उघडा पडला तर तळ एक तर सुकून तडकतो, नाही तर पावसाने भिजून लोणी होतो. अशी माती खरवडून काढावीच लागते.

तळाशी नुसती वाळू भरायची जुनी सवय इथे घातक ठरते. वाळूच्या थरात पाणी साचतं आणि ते खालच्या चिकणमातीला निवांत मुरवत राहतं. त्याऐवजी न फुगणारा मुरूम १५ सेंमीच्या थरांत, मुठीत दाबल्यावर गोळा होईल इतपत ओला करून ठोका. त्यावर १० सेंमी साधं काँक्रीट आणि त्यावर दगडी पाया. रुंदी भिंतीच्या जाडीच्या निदान दुप्पट. ४५ सेंमी भिंतीला ९० सेंमी.

चराच्या बाजूही महत्त्वाच्या. फुगणारी माती पायाच्या खडबडीत अंगाला धरून त्याला वर ओढते. म्हणून पायाच्या दोन्ही अंगांना १५ सेंमी मुरूम भरा, पण वरचे ३० सेंमी चिकणमातीच कुटून बसवा. नाहीतर मुरमाची ती फट पावसाचं पाणी गिळणारी नाली होते.

माती फार खोल असेल, तर तळाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब हा खात्रीचा उपाय आहे. ३० सेंमी व्यासाचा खांब, खाली सुमारे ७५ सेंमीचा कंद, खोली साधारण ३.५ मीटर. खांबांवरच्या तुळईखाली ८ ते १० सेंमी पोकळी ठेवतात, कारण माती फुगली की तिला वर यायला जागा हवी. ही पोकळी राडारोड्याने भरली, की सगळा खर्च वाया जातो. हे काम हिशेबानेच व्हायला हवं.

भिंत रचताना

लांबलचक अखंड भिंत या जमिनीवर टिकत नाही. कुंपणभिंतीचे ४ ते ५ मीटरचे स्वतंत्र तुकडे करा. सांधा २० मिमी, माथ्यापासून पायाच्या तळापर्यंत आरपार. तुकडे एका रेषेत राहावेत म्हणून १२ मिमीची गुळगुळीत सळई दर ६० सेंमी उंचीला आडवी घाला, पण तिचं एक टोक ग्रीस लावून मोकळं सरकतं ठेवा. दोन्ही टोकं चिणली, तर सांधा नावापुरता उरतो. फटीत फोमची दोरी ठासून वरून लवचीक सीलंट भरा. कोपऱ्यात मात्र सांधा नको. तो कोपऱ्यापासून मीटरभर अलीकडे घ्या.

जोत्यावर १० सेंमी जाडीचा काँक्रीटचा पट्टा द्या. त्यात १० मिमीच्या दोन सळया आणि दर १५ सेंमीला ६ मिमीच्या कड्या. घराच्या भिंतीला असाच पट्टा दारा-खिडक्यांच्या माथ्यावरही हवा, आणि तो कोपऱ्यात तुटता कामा नये.

मालाबद्दल, म्हणजे दगड जोडायच्या मिश्रणाबद्दल, एक गैरसमज चिवट आहे: जमीन हलते, म्हणून सिमेंट जास्त घाला. उलट करायला हवं. सांधा दगडापेक्षा मऊ असेल तर हालचाल शेकडो सांध्यांत वाटली जाते आणि केसासारख्या रेषांवर भागतं. सांधा कडक असेल तर सगळी हालचाल एका जागी साठते आणि दगडासकट भिंत फुटते. जमिनीवरच्या कामाला पाण्यात घट्ट होणारा चुना १ भाग आणि वाळू ३ भाग, किंवा सिमेंट, चुना आणि वाळू १:२:९. सतत ओल्या राहणाऱ्या भागाला १:१:६. वाळू टोकदार आणि धुतलेली घ्या, मातकट नको.

भिंत दोन्ही बाजूंनी रचून मध्ये कपच्या ओतायची, हा दगडी कामातला सर्वात महाग पडणारा आळस आहे. वरून भिंत एक दिसते, आतून त्या दोन असतात, आणि जमीन हलली की दोघी आपापल्या वाटेने जातात. दर ६० सेंमी उंचीला आणि दर १.२ मीटर लांबीला एक आरपार दगड बसवा. पूर्ण लांबीचा दगड नसेल तर दोन दगड निदान १५ सेंमी एकमेकांवर चढवा. उभे सांधे एकावर एक येऊ देऊ नका. खालच्या सांध्यावर वरच्या दगडाचा पोटभाग हवा. मधल्या पोकळीत प्रत्येक कपची मालात बसवून ठोका. दिवसाला ६० सेंमीपेक्षा जास्त चढू नका. ओळंबा दर थराला लावा, काम उरकल्यावर नव्हे.

पायऱ्या आणि ओटा घरापासून सुटे ठेवा. हलका ओटा आणि जड घर यांची हालचाल वेगवेगळी होते. एकत्र बांधले तर जोडावर तडा ठरलेला. अंगणातल्या फरशांना तर माल नकोच. २० सेंमी कुटलेला मुरूम, ३ सेंमी कच, त्यावर फरशी, सांध्यांत कच. वर आलेली फरशी दोन-चार वर्षांनी उचलून पुन्हा बसवणं अर्ध्या तासाचं काम आहे.

माती अडवणारी भिंत असेल तर तिच्या पाठीशी चिकणमाती कधीही परत भरू नका. ती फुगून आडवा रेटा देते, आणि तो मातीच्या नुसत्या वजनाच्या रेट्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. पाठीमागे ३० सेंमी खडी, खडी आणि मातीत गाळण-कापड, तळाशी छिद्रांचा नळ, भिंतीत दर १.५ मीटरला ७५ मिमीचं पाणी निघायचं छिद्र. तळरुंदी उंचीच्या निम्मी. दर्शनी बाजू दर ६ सेंमी उंचीला १ सेंमी मागे कलवा. मीटरभर उंचीपर्यंत हे पुरतं, त्यावर अभियंता हवा.

तडे वाचणं

वर रुंद आणि खाली निमुळता तडा म्हणजे भिंतीची टोकं खाली गेली किंवा मध्य उचलला. कडेची माती सुकते, घराखालची मधली माती ओलीच राहते. म्हणून कोरड्या दिवसांत असे तडे उघडतात. खाली रुंद आणि वर निमुळता म्हणजे कडा उचलल्या किंवा मध्य खचला. हे बहुधा पावसानंतर.

तड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू पक्का बसवा आणि महिन्यातून एकदा कॅलिपरने अंतर मोजून तारखेसह लिहा. वर्षभर. काचेची पट्टी चिकटवायची जुनी रीत फक्त हालचाल झाली एवढंच सांगते. किती आणि कुठल्या दिशेने ते नाही. अंतर वाढून पुन्हा पूर्ववत होत असेल तर ऋतूची हालचाल. सतत वाढतच असेल तर कारण अजून चालू आहे.

५ मिमीपर्यंतचे तडे घरच्या घरी हाताळता येतात. १५ मिमीच्या पुढे, किंवा भिंत ओळंब्याबाहेर जाडीच्या सहाव्या हिश्श्याइतकी गेली (४५ सेंमी भिंतीला ७.५ सेंमी), तर टेकू लावून अभियंत्याला बोलवा.

दुरुस्ती

तडा सर्वात रुंद असताना तो कडक सिमेंटने भरला, तर जमीन फुगल्यावर बंद व्हायला त्याला जागाच उरत नाही. भरलेलं सिमेंट पाचरीसारखं काम करतं आणि शेजारी नवा तडा पडतो. न भरलेल्या तड्यातही गळून पडलेली रेती हेच करते. म्हणून दरवर्षी तो थोडा जास्त उघडतो. भरायची वेळ नोंदींवरून ठरवा: रुंदी मध्यम असेल तेव्हा.

जुना माल सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट, पण निदान २५ मिमी खोल खरवडा. छिन्नी-हातोडीने, यंत्राने नको. त्याने दगडांच्या कडा उडतात. ब्रशने धूळ काढा, आत पाणी मारा, पाणी जिरू द्या. १:३ चुन्याचा माल पातळ थरांत ठासत चला, रुंद जागी कपच्या बसवा. दर्जा, म्हणजे सांध्यातल्या मालाचं बाहेरून दिसणारं तोंड, दगडाच्या तोंडापासून २-३ मिमी आत ठेवा. ओलं गोणपाट टांगून ७ दिवस सांभाळा. चुना उन्हात झटपट सुकला तर त्याची भुकटी होते.

तड्याने दगडांची एकमेकांतली पकडच तोडली असेल तर टाके घाला: दर ४५ सेंमी उंचीला तड्याच्या दोन्ही बाजूंचे दगड काढून तिथे तडा ओलांडणारा ५० ते ६० सेंमी लांब दगड बसवा. खालून वर जा आणि एका वेळी एकच जागा उघडा.

भिंतीला पोट आलं असेल तर आधी ठोकून कळतं की आत पोकळी आहे की नाही; हातोडीचा बद्द आवाज त्याची खूण. पोट थोडं असेल तर आरपार ७५ मिमीचं भोक पाडा, दोन्ही टोकांना आकडा वळवलेली ८ मिमी सळई घालून काँक्रीट भरा; मीटरभर अंतरावर अशा आरपार गाठी दोन्ही अंगं पुन्हा बांधतात. पोट मोठं असेल तर दगडांवर खडूने आकडे टाकून, फोटो काढून, पायऱ्यांसारखी उतरती भिंत सोडवा आणि पुन्हा रचा.

पायाखाली नवा पाया घालणं हा शेवटचा उपाय. करायचंच ठरलं तर एका वेळी १ मीटरपेक्षा जास्त लांबी उघडी पडता कामा नये, आणि घराची एकच बाजू खोल नेली तर उरलेल्या बाजूंशी तिची फारकत होऊन नवे तडे पडतात.

भिंतीजवळचं जुनं झाड तड्यांचं कारण वाटलं, तरी लगेच तोडू नका. त्याने वर्षानुवर्षं शोषून कोरडी ठेवलेली माती झाड गेल्यावर हळूहळू पाणी घेते आणि कित्येक वर्षं फुगत राहते. झाड घरापेक्षा जुनं असेल तर हा धोका सर्वात जास्त. अशा वेळी फांद्यांचा विस्तार दरवर्षी थोडा छाटत न्या आणि स्क्रूंच्या नोंदी चालू ठेवा.