भिगवणचे फ्लेमिंगो आणि मल्हारगड, पोराबाळांना घेऊन दोन दिवसांत

फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य, हीच वेळ धरा. पळस-पांगारा फुललेला असतो, थंडी सरत आलेली असते आणि भिगवणजवळच्या उजनी धरणाचं पाणी उतरायला लागलेलं असतं, हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. कारण फ्लेमिंगो, म्हणजे आपला रोहित किंवा अग्निपंख, चोच उलटी करून उथळ पाण्यातला चिखल गाळून खातो, पाणी खोल असेल तर त्याला उभंच राहता येत नाही. एखाद्या वर्षी पाणी उशिरा उतरतं, मग पक्षीही उशिरा येतात. म्हणून हॉटेल बुक करायच्या आधी तिथल्या नाववाल्याला फोन करून "आलेत का, किती लांब आहेत" एवढं विचाराच.

पुण्याहून सोलापूर हायवेने भिगवण साधारण १०० किलोमीटर, दोन तास. पण आदल्या संध्याकाळीच जाऊन राहा असं मी सांगेन. आम्ही पहिल्यांदा सकाळी आरामात पोहे खाऊन निघालो, दहा वाजता पोचलो, पाण्यावर ऊन थरथरत होतं, दुर्बिणीत नुसते गुलाबी ठिपके आणि धाकटा नावेत झोपला. आता साडेसहाला कुंभारगाव नाहीतर डिकसळच्या काठावर हजर असतो. संध्याकाळी पोचायचा अजून एक फायदा, ज्वारीच्या शेतांवरनं भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवे ढगासारखे वळतात, ते बघायला गाडी कडेला घ्या, पैसे पडत नाहीत.

नावेत लाइफ जॅकेट सगळ्यांना, पोहता येणाऱ्या बाबांनाही. आणि नाववाल्याला आधीच सांगा की पक्षी उडवू नका. फ्लेमिंगोला उडायला पाण्यात धावत जावं लागतं, फोटोसाठी दर नावेनं त्यांना उठवलं तर बिचाऱ्यांनी खायचं कधी? दुर्बीण ८ बाय ४२ ची घ्या, जास्त झूमवाली पोरांच्या हातात हलते आणि काहीच दिसत नाही. पोरांना नावं पाठ करायला लावू नका, एकच काम द्या: कोण चोचीनं काय करतंय ते बघ. चित्रबलाक चोच उघडी ठेवून पाण्यात मासे चाचपडतो, शेकाट्या लांब पायांवर टोचत फिरतो, चमचा नावाचा पक्षी चोच डावी-उजवी हलवतो, हे पोरांना लगेच कळतं.

दुपारी भिगवणला मच्छी थाळी (चिलापी मिळाली तर तीच), मग गाडीत झोप. बारामती, मोरगाव, जेजुरी करत सासवडला या, वाटेत सुप्याकडच्या माळरानावर हळू चालवा, धाविक पक्षी किंवा चिंकारा हरीण दिसलं तर नशीब. मुक्काम सासवडला.

दुसऱ्या दिवशी मल्हारगड. सोनोरी गावावरून जायचं म्हणून लोक सोनोरीचा किल्लाही म्हणतात. पेशव्यांच्या तोफखान्याच्या पानसे सरदारांनी १७५७ ते १७६० च्या सुमारास बांधला, महाराष्ट्रातला सगळ्यात शेवटी बांधलेला किल्ला म्हणून ओळखतात, काम दिवे घाटावर नजर ठेवायचं. उंची बेताची, अर्ध्या-पाऊण तासात सहा वर्षांचं पोरही चढतं, म्हणूनच ट्रेकची सुरुवात इथून करावी. पण सावली जवळपास नाहीच! साडेसातच्या आत चढायला लागा, दहाला खाली. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, बूट. सँडलवर मुरूम घसरतो. परफ्यूम मारून गडावर जाऊ नका, कुठे आग्या मोहोळ असेल सांगता येत नाही. वर खंडोबाचं आणि महादेवाचं अशी दोन देवळं आहेत, हवा स्वच्छ असेल तर पुरंदर-वज्रगड दिसतात, तिथे बसून डबा खा. चढताना चंडोल ऐका, तो आकाशात उभा राहून गातो आणि दगडासारखा खाली येतो. उतरल्यावर सोनोरीत पानशांची गढी आहे, पोरं दमली नसतील तर बघा, दमली असतील तर सोडा.

परतताना दिवे घाट बाराच्या आत उतरा, रविवारी संध्याकाळी तिथे फार अडकायला होतं. आणि सासवडच्या रस्त्यावर अंजिरांच्या पाट्या लागलेल्या असतात, घ्याच, फक्त डिकीत दुर्बिणीच्या बॅगेखाली ठेवू नका, आमचा अख्खा किलो तसाच गेला.