ढग किती वर हवेत? जोतिबाच्या डोंगराचं गणित

मेटार (विमानतळाचा हवामान अहवाल) वाचता येतो, क्यूएनएच (अल्टिमीटर, म्हणजे विमानातला उंचीमापक, समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवेल असा हवेच्या दाबाचा आकडा) लावता येतो, हे धरूनच लिहितोय. क्रॉस-कंट्रीच्या, म्हणजे छोट्या विमानाने लांब दुसऱ्या ठिकाणी उडत जाण्याच्या, तयारीत माझं डोकं सगळ्यात जास्त अडलं ते एकाच प्रश्नावर: उंच टॉवर वेळेत दिसून त्यावरून सुखरूप जायला ढग किती वर हवेत?

मेटारमधली ढगांची उंची विमानतळाच्या जमिनीपासून असते, क्यूएनएचवरचा अल्टिमीटर समुद्रसपाटीपासूनची दाखवतो. उजळाईवाडीची, म्हणजे कोल्हापूर विमानतळाची, धावपट्टीच जवळपास 2000 फुटांवर आहे. म्हणजे मेटारमध्ये ‘ब्रोकन 015’ (1500 फुटांवर, बरंचसं आकाश झाकणारे ढग) असेल, तर ढगांचा तळ अल्टिमीटरवर 3500 ला. जोतिबाचा डोंगर साधारण 3100 फूट. त्यावर 150 फुटांचा टॉवर धरा, माथा 3250. ‘ढग 1500, टॉवर 150, जागाच जागा’ असं वाटतं ना? जागा आहे 250 फूट. यात माणसं मरतात.

पुन्हा सांगतो, कारण एकदा वाचून हे बसत नाही. आधी सगळे आकडे समुद्रसपाटीवर आणा, मगच वजाबाकी करा. माथा 3250. खाली वस्ती आणि देऊळ, म्हणून माथ्यापासून 1000 फूट वर राहायचं. आपल्या वरचा ढग आणखी 1000 फूट लांब हवा. झाले 5250. त्यातून विमानतळाचे 2000 काढा: मेटारमध्ये किमान 3250 दिसायला हवेत. नसतील तर लांबून वळसा घाला, नाहीतर उडूच नका.

ढगांचा तळ किती फुटांवर हे काढायला तापमान आणि दवबिंदू यांतला फरक (सेल्सिअसमध्ये) गुणिले 400, हा शॉर्टकट सगळे शिकवतात. उन्हाने तयार होणाऱ्या कापशी ढगांना तो ठीक आहे. जुलैत त्यावर विसंबू नका. पश्चिमेचा वारा डोंगर चढताना थंड होतो आणि तिथला ढग खाली उतरतो. उजळाईवाडीला मोकळं असताना पन्हाळा ढगात बुडालेला असतो. मेटार पन्हाळ्याचा नसतो!

दृश्यमानता 5 किलोमीटर असली तरी 90 नॉटने ते अंतर दोन मिनिटांच्या आत संपतं. त्यात जाळीचा टॉवर पावसाळी करड्या पार्श्वभूमीवर फार उशिरा डोळ्यात भरतो.

घाबरू नका, थोड्या सरावाने हे गणित हाताला लागतं. अ‍ॅपवरचा ‘हवामान ठीक’ सांगणारा हिरवा ठिपका बघून ‘जा’ म्हणणाऱ्यापेक्षा शेजारी बसून पेन्सिलने बेरीज करायला लावणारा इन्स्ट्रक्टर मला कधीही जास्त मोलाचा वाटतो. मार्गाजवळच्या प्रत्येक टॉवरला चार्टवर गोल करा, शेजारी मेटारचा लागणारा आकडा लिहा. नवे मोबाईल टॉवर चार्टवर नसूही शकतात, म्हणून नोटॅम (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना) त्याच सकाळी बघा.