घर सोडण्याची तयारी करताना या चुका टाळा

मारहाण करणाऱ्या जोडीदाराचं घर सोडायचं ठरवलेल्यांसाठी आणि त्यांना मदत करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. हिंसेची जबाबदारी हिंसा करणाऱ्याचीच. इथे ज्यांना मी चुका म्हणते आहे त्या तयारीतल्या आहेत, आणि त्यातल्या कितीतरी मदतीला धावून आलेली माणसंच करतात. मी ‘ती’ आणि ‘तो’ असं लिहिलं आहे, पण मार पुरुष खात असेल तरी तयारी हीच.

सगळ्यात महागात पडते ती भांडणाच्या भरात ‘मी चालले’ असं तोंडावर सांगण्याची चूक. मारहाणीच्या मुळाशी रागापेक्षा ताबा असतो. तो ताबा सुटतोय असं दिसलं की माणूस कुठल्याही थराला जातो. म्हणून निघण्याचे दिवस आणि त्यानंतरचे सुरुवातीचे महिने फार जोखमीचे. जॅकलिन कॅम्पबेल या परिचारिका आणि संशोधक. त्यांनी 1980च्या दशकात जिवाचा धोका ओळखण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. ठार मारण्याच्या धमक्या, घरातलं हत्यार यांच्याबरोबरच ‘गेल्या वर्षभरात तुम्ही त्याला सोडून गेला होतात का’ हाही प्रश्न तिच्यात आहे. त्यामुळे ‘अजून राहतेसच कशी, आजच बाहेर पड’ असं फोनवर ओरडणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. घाई त्यांना असते, जीव तिचा जातो.

आत्ता या क्षणी जिवावर बेतलं असेल तर हातात येईल ते घ्या किंवा काहीच घेऊ नका, पण निघा. एरवी निघायचं ते तो घरी नसताना, रोजच्या कामाला निघाल्यासारखं. चिठ्ठी नको, शेवटचं बोलणं नको. काय कळवायचं ते सुरक्षित ठिकाणी पोचल्यावर, तेही वकील किंवा पोलिसांमार्फत.

दुसरी चूक फोनची. एक बाई बरेच दिवस गुपचूप तयारी करत होती. कागदांच्या प्रती झाल्या होत्या, जायचं ठिकाण ठरलं होतं. अशा बायकांना मदत करण्याचं काम नव्यानेच शिकायला आलेल्या एका उत्साही मुलीने पहिल्याच भेटीत तिचा फोन घेतला, सगळे पासवर्ड बदलले, लोकेशन बंद केलं आणि ‘आता तुम्ही सेफ’ म्हणून मोकळी झाली. घरातल्या जुन्या टॅबवर त्या बाईचंच ईमेल उघडं असायचं. पासवर्ड बदलल्याची सूचना तिथे पोचली. ती घरी पोचायच्या आत नवऱ्याला कळलं होतं की काहीतरी शिजतंय. त्याने कपाटाला कुलूप लावलं, फोन काढून घेतला, आणि तिचं बाहेर पडणं कित्येक महिने लांबलं. ती वाचली, हे नशीब.

तेव्हापासून मी जुन्या फोनला पहिल्या दिवशी हातच लावू देत नाही. तो जसा चालतो तसा चालू द्यायचा, नेहमीचे फोन, नेहमीचे मेसेज. सगळं शोधणं आणि बोलणं त्याचा हात न पोचलेल्या फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून. तिथेच नवं ईमेल काढायचं आणि कागदांचे, जखमांचे फोटो तिथे ठेवायचे. फोनमध्ये पाळत ठेवणारं ॲप असल्याचा संशय आला तरी उडवायची घाई नको. ते उडालं की त्याला कळतं आणि पुरावाही जातो. एकाच दिवसात सगळं ‘क्लीन’ करून देणाऱ्यांपासून लांब राहा.

गळा दाबला पण वळ उठला नाही, म्हणून ती घटना सोडून देऊ नका. नॅन्सी ग्लास आणि सहकाऱ्यांच्या 2008च्या अभ्यासात, आधी गळा दाबला गेलेल्या बायकांचा पुढे खून होण्याची शक्यता सात पटींहून जास्त आढळली. बाहेर खूण नसतानाही मानेच्या रक्तवाहिन्यांना आतून इजा होऊ शकते. आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके दिसणं, यातलं काहीही असेल तर लगेच दवाखान्यात जा. लक्षण नसलं तरी तपासून घ्या, आणि डॉक्टरांना ‘गळा दाबला’ असंच सांगा.

वाद पेटतोय असं वाटलं तर स्वयंपाकघरात किंवा बाथरूममध्ये शिरू नका. एकीकडे सुऱ्या, दुसरीकडे बाहेर पडायला वाट नाही.

मुलांना बेत आधी सांगू नका, त्यांच्या तोंडून तो सहज निसटतो. त्यांना एवढंच शिकवा की मध्ये पडायचं नाही, बाहेर पळायचं आणि मदतीला फोन करायचा.

परवलीचा शब्द ठरवता, पण तो ऐकल्यावर समोरच्याने काय करायचं ते ठरवत नाही. पोलिसांना फोन करायचा की मुलांना न्यायला यायचं, हे आधीच बोलून ठेवा. अंगठा तळव्यात दुमडून त्यावर बोटं मिटायची, ती 2020मध्ये कॅनडातून पसरलेली, न बोलता मदत मागण्याची खूण चांगली आहे, पण पाहणाऱ्याला माहीत असेल तरच.

राहिलेलं सामान आणायला एकटीने परत जाणं, ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. तो ‘कपडे घेऊन जा, मी काही बोलणार नाही’ म्हणतो आणि ती जाते. पोलीस सोबत नसतील तर सामान राहू द्या.

निघाल्यावर पहिल्याच दिवशी मुलांची दप्तरं, खेळणी, गाडीच्या सीटखालची जागा हाताने तपासा. अनोळखी ट्रॅकर, म्हणजे तुम्ही कुठे आहात ते त्याला कळवणारं छोटं यंत्र, बरोबर फिरत असेल तर 2024पासून आयफोन आणि अँड्रॉइड दोन्ही इशारा देतात, पण प्रत्येक ट्रॅकर त्यात सापडत नाही. सापडला तर तिथल्या तिथे फोडू नका. जिथे राहता तिथून दूर जाऊन फोटो काढा आणि पोलिसांकडे द्या.