पाण्याचा ताळेबंद मांडायला निघालेल्यांसाठी

गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायच्या कामात नवे असाल, तर आकडेमोडीला घाबरू नका. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. ९०० हेक्टरच्या गावात ४०० मिलिमीटर पडला तर ३६० कोटी लिटर. १,८०० माणसांना रोज माणशी ५५ लिटर धरलं तरी वर्षाला ३.६ कोटी लागतात, म्हणजे पडल्या पावसाचा शंभरावा हिस्सा. तरी मार्चनंतर टँकर का लागतो, ते शिवारात फिरल्यावरच कळतं.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या माझ्या पहिल्या गावात मी तिथेच चुकले. सातबाऱ्यावरचा पीकपेरा उतरवून घेतला, हिशेब छान जुळला आणि फेब्रुवारीत विहिरी आटल्या. मग बांधाबांधाने हिंडले. कागदावर हरभरा असलेल्या कितीतरी वावरांत उन्हाळ कांदा उभा होता. हरभऱ्याला दोन-तीन पाणी, कांद्याला दहा-बारा! तेव्हापासून शिवारफेरी केल्याशिवाय मी पिकाचा आकडा लिहीत नाही.

पाऊसही गावातच मोजा. महसूल मंडळाचा पर्जन्यमापक लांब असतो. तिथे झोडपतो आणि आपल्याकडे नुसती भुरभुर. शाळेत पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी साडेआठला नोंद घ्यायची, रविवारीसुद्धा.

विहीर मोजायची ती पहाटे, मोटार चालू व्हायच्या आत. उपसा सुरू झाला की पातळी खाली जाते आणि आकडा फसवा येतो. टेपला वजन बांधून सोडायचं, पाण्याला टेकलं की हाताला कळतं. कठड्याची उंची वजा करायला विसरू नका. पावसाळा संपल्यावर एकदा आणि मे अखेरीला एकदा, विहिरी त्याच ठेवायच्या. मोजताना मालक शेजारी उभा हवाच, कारण पुढे ग्रामसभेत त्या आकड्याच्या बाजूने बोलणारा तोच असतो.

पहिल्या ग्रामसभेत मी सगळं टीसीएममध्ये, म्हणजे हजार घनमीटरमध्ये, वाचून दाखवलं होतं. मागून एक आजोबा म्हणाले, "ताई, ते राहू द्या. माझा कांदा निघंल का तेवढं सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या ऑक्टोबरात फळ्यावर एवढंच लिहिलं: पिण्याचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढल्यावर उरलेल्यात ६० एकर कांदा, नाहीतर २४० एकर हरभरा. कुणी उठून गेलं नाही. जिल्ह्यातल्याच हिवरे बाजारात पाऊस बघून रब्बीची पिकं ठरवतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण आपल्या विहिरीचा आकडा फळ्यावर दिसल्यावर रात्री दहापर्यंत वाद चालला. शेवटी घरटी एक एकर कांद्याचा ठराव झाला.

निघताना तेच आजोबा आडवे आले. त्यांच्या विहिरीचं पाणी मी अर्धा परस (परस म्हणजे माणूसभर खोली) कमी लिहिलंय म्हणे. सकाळी सहाला टेप घेऊन गेले, तर ते कठड्यावर बसून वाट बघत होते.