गूगलचे नियम बदलले तरी टिकणारा अफिलिएट ब्लॉग कसा चालवावा

अफिलिएट ब्लॉग म्हणजे ज्यातल्या लिंकवरून कोणी वस्तू घेतली तर लिहिणाऱ्याला कमिशन मिळतं असा ब्लॉग. डोमेन (साइटचं नाव), होस्टिंग (साइट ठेवायची जागा), वर्डप्रेस (ब्लॉग चालवायचं सॉफ्टवेअर) आणि अफिलिएट खातं ही एका संध्याकाळची कामं. ती झाली आहेत असं धरून चालतो.

विषय आपल्या रोजच्या वापरातला घ्या. जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-रावेर या केळीच्या पट्ट्यातल्या माणसाकडे फवारणी पंप, ठिबकचे फिल्टर आणि केळीच्या घडाला घालायच्या स्कर्टिंग बॅगा आहेत. त्याने क्रेडिट कार्डांवर लिहू नये. "कमिशन जास्त तो विषय घ्या" हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. जी वस्तू तुम्ही कधी हातात धरली नाही, तिच्याबद्दल तुम्ही कंपनीचीच माहिती फिरवून लिहिणार. गूगल नेमकं तेच खाली ढकलतं.

बॅटरी पंपाचं उदाहरण घ्या. १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवर हे खोक्यावर छापलेलंच असतं. एका चार्जिंगवर किती टाक्या निघाल्या, दाब कुठे पडायला लागला, कीटकनाशकासाठी हॉलो कोन (पोकळ शंकूसारखा फवारा) आणि तणनाशकासाठी फ्लॅट फॅन (पंख्यासारखा सपाट फवारा) अशी दोन्ही नोझल सोबत येतात का, पट्टा खांद्याला काचतो का, वॉशर जळगावच्या दुकानात मिळतो का, हे लिहा. पंप विकत घेणं परवडत नसेल तर भाऊबंदांकडून एक दिवस मागून आणा. फोटो स्वतः काढा, आणि दोष लपवू नका. एप्रिल २०२१ च्या प्रॉडक्ट रिव्ह्यू अपडेटपासून (अपडेट म्हणजे पानांचा क्रम लावण्याच्या पद्धतीत गूगलने केलेला बदल) गूगल हेच मागतं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये शोधाचे निकाल तपासायला गूगलने नेमलेल्या माणसांच्या निकषांत 'अनुभव' हा मुद्दाही आला. लेख दोन हजार शब्दांचाच हवा, हे मात्र गूगलने कधीच सांगितलेलं नाही.

अफिलिएट लिंकच्या कोडमध्ये 'स्पॉन्सर्ड' टॅग (rel="sponsored") लावा, कमिशन मिळतं हे लेखाच्या वरच स्पष्ट मराठीत लिहा, आणि अ‍ॅमेझॉनच्या वस्तूची किंमत हाताने टाइप करू नका.

आता खरी अवघड जागा: एका सकाळी ट्रॅफिक, म्हणजे साइटवर येणारे वाचक, कोसळलेलं दिसतं. मी सगळ्यात जास्त अडखळलो ते इथेच. या वेळी जो उपाय सुचवला जातो तो बहुधा नुकसानच करतो, म्हणून सावकाश जा.

आधी हंगाम बघा. कपाशीच्या फवारण्या आटोपल्या की पंप शोधणारे कमी होणारच. ती गूगलने दिलेली शिक्षा नाही. सर्च कन्सोलमध्ये (आपली साइट गूगलच्या शोधात कशी दिसते हे सांगणारं गूगलचं साधन) १६ महिन्यांची आकडेवारी असते, तेव्हा गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करा. मागच्या महिन्याशी ताडून घाबरलेले लोक चांगले लेख खोडताना मी पाहिले आहेत.

मग गूगलच्या सर्च स्टेटस पानावर अपडेटच्या तारखा बघा. अपडेट पूर्ण होऊन एक आठवडा उलटेपर्यंत काहीही बदलू नका. मार्च २०२४ चं कोअर अपडेट (सगळ्याच शोधावर परिणाम करणारा मोठा बदल) पसरायला ४५ दिवस लागले होते. त्या काळात रोज शीर्षकं बदलणाऱ्याला कशाने काय झालं हे कधीच कळणार नाही.

त्यानंतर सर्च कन्सोलमध्ये एकेक पान उघडून इम्प्रेशन (पान शोधात किती वेळा दिसलं), सरासरी क्रमांक आणि क्लिक हे तिन्ही शेजारी ठेवा. क्रमांक आणि इम्प्रेशन तेच, पण क्लिक घटले असतील तर गूगल वरच उत्तर देत असण्याची शक्यता आहे. एआय ओव्हरव्ह्यू, म्हणजे शोधाच्या वरच गूगलने एआयकडून तयार करून दिलेलं उत्तर, भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झालं. 'ठिबक फिल्टर म्हणजे काय' असल्या पानांवर तो वाचक परत येईल अशी आशा धरू नका. 'बोअरच्या पाण्यात वाळू येते, कोणता फिल्टर घेऊ' इथे अजून माणसाचा अनुभव लागतो, तिकडे वळा. क्रमांक दुसऱ्यावरून चौथ्यावर गेला असेल तर पानाला हात लावू नका. चौथ्यावरून एकोणतिसाव्यावर गेला असेल तर दुखणं मोठं आहे, आणि तेव्हाच साफसफाई करा.

साफसफाईत प्रत्येक पानाला एकच प्रश्न विचारा: ही वस्तू मी वापरली आहे का? असेल तर नवे फोटो, नवी निरीक्षणं घाला. एकाच पंपावर चार लेख असतील तर एक करा आणि उरलेले ३०१ ने (पान कायमचं हलवल्याचं सांगणारा संकेत) त्याच्याकडे वळवा. न वापरलेल्या वस्तूंची पानं काढून टाका. काढलेली सगळी पानं मुखपृष्ठाकडे वळवू नका. गूगल ती हरवलेलीच समजतं. मजकूर तोच ठेवून वरची तारीख बदलणं तर सरळ फसवणूक आहे.

याच काळात कोणीतरी बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून तुमच्याकडे येणाऱ्या लिंक), जुनं डोमेन (त्याच्या जुन्या नावावर वर चढायला दुसऱ्याचं मुदत संपलेलं डोमेन) किंवा एआयने लिहिलेले शेकडो लेख विकायला येईल. साफ नाही म्हणा. मार्च २०२४ पासून जुन्या डोमेनचा असा वापर आणि रँकसाठी ढिगाने मजकूर पाडणं हे स्पॅमच्या नियमांत नाव घेऊन लिहिलेलं आहे.

सुधारणेचा परिणाम दिसायला कित्येक महिने जाऊ शकतात. तोवर खरिपाचे लेख मेच्या आत टाका. जूनमध्ये कपाशी लागते, फवारणी जुलैत सुरू होते, आणि पंपाची चौकशी त्याआधीच व्हायला लागते.